खोडावरून डोकं खाली करून उतरणं: मराठीत एक क्रियापद आहे का?

पानवठा
एका पक्षी-पुस्तिकेचा अनुवाद करतेय. व्हेल्व्हेट-फ्रंटेड नटहॅचच्या पानावर अडले आहे. नाव तयार मिळालं, मखमली शिलिंध्री. घोळ पुढच्या वाक्यात आहे. हा पक्षी खोडावरून डोकं खाली आणि शेपूट वर अशा अवस्थेत आरामात चालत उतरतो. मी 'उलटी उतरते' लिहिलं, तर संपादकांचा शेरा आला, 'उलटी म्हणजे पाठमोरी वाटतं.' मग 'डोकं खाली घालून उतरते' केलं. त्यावर शेरा: 'तिला कसली लाज वाटतेय?' आता काय लिहू?

शुद्धमती
अधोमुख. शब्द घरात असताना शेजारी कशाला जायचं?

गुळवेल
शरमेने मान खाली गेलेल्यालाही अधोमुखच म्हणतात. म्हणजे लाज तीच, फक्त संस्कृतात.

रानभूल
पाल भिंतीवरून उतरते, खार झाडावरून उतरते. दोघींचं डोकं खालीच असतं, पण आपण नुसतं 'उतरली' म्हणतो. शिलिंध्रीचं सांगावं लागतं, कारण ती पक्षी आहे आणि तिच्या शेजारी सुतार पक्षी आहे. सुतार ताठ शेपूट खोडाला टेकवून बसतो, आणि खाली यायचंच झालं तर मागे मागे सरकतो. शिलिंध्री शेपूट टेकवतच नाही. तिचा एक पाय वर, एक खाली. वरच्या पायाच्या नखांवर लटकायचं, खालच्यावर तोल धरायचा, की पुढचं पाऊल. मागच्या बोटाचं नख चांगलं लांब असतं, बरीचशी करामत त्याची. हे एका क्रियापदात बसणार नाही. दोन वाक्यं खर्च करा.

पानवठा
पानाला साठ शब्दांची मर्यादा आहे हो.

तिठा
थोडं विषयांतर. 'शिलिंध्री' हा शब्द तुमच्यापैकी कोणी कधी तोंडाने उच्चारलाय का? दांडेलीला एका कानडी वाटाड्याला मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "ती बघा, शिलिंध्री!" तो झाडाच्या बुडाशी अळंबी शोधायला लागला. कानडीत शिलींध्र म्हणजे बुरशी. आपण बुरशीनाशक म्हणतो ते तिकडे शिलींध्रनाशक. पक्षी डोक्यावर चिटचिट करत फांदीच्या खालच्या अंगाने चालला होता आणि आम्ही दोघं पाचोळा उकरत होतो.

शुद्धमती
वाटाड्याचं बरोबरच आहे. मेघदूतात मेघाच्या गर्जनेने पृथ्वी 'उच्छिलीन्ध्रा' होते, ती अळंबीनेच. पण संस्कृत कोशात स्त्रीलिंगी शिलीन्ध्री वेगळी दिली आहे. अर्थ तीन: माती, गांडूळ आणि एक पक्षी. तेव्हा नाव निराधार नाही. आणि दुसरं अक्षर दीर्घ लिहा, शब्द तत्सम आहे.

गुळवेल
'एक पक्षी' म्हणजे कोणता? कोशकारांना ठाऊक नसलं की 'पक्षिविशेष' लिहून मोकळे होतात. पुढे कोणीतरी तो मोकळा शब्द उचलून नटहॅचला चिकटवला असणार.

रानभूल
माती या अर्थावरून मला मात्र आशा वाटते. शिलिंध्री घरट्यासाठी झाडातली ढोली घेते, पुष्कळदा सुताराने किंवा तांबटाने कोरून सोडलेली. तोंड फार मोठं असलं तर चिखल लिंपून आपल्यापुरतं लहान करते. युरोपातली नटहॅच तर या लिंपणासाठी प्रसिद्धच आहे. मातीवाली म्हणून शिलीन्ध्री, असं का नसेल?

ओंजळ
माझी व्युत्पत्ती घ्या: शिला + रंध्र. खडकाच्या भोकात राहणारी. ग्रीसपासून इराणपर्यंत कड्याकपारीत राहणारी नटहॅच आहेच, ती खडकाला मातीचं सुरईसारखं घरटं चिकटवते.

शुद्धमती
शिलारंध्रातला 'ला' जाऊन 'ली' कसा आला, तो 'र' कुठे गेला? आणि तो पक्षी संस्कृत कोशकाराच्या अंगणात आला कसा?

ओंजळ
'र' 'ध्र'मध्ये आहे की. बाकीचं बघते.

तिठा
मग इंग्रजी नाव तरी कुठे शहाणं आहे? मी इतकी वर्षं 'हॅच' म्हणजे अंडी उबवणं समजत होतो.

रानभूल
तो हॅच 'हॅक'चा भाऊबंद, ठोकून फोडणे. युरोपातली नटहॅच कवचाचं फळ सालीच्या फटीत घट्ट अडकवते आणि चोचीने ठोकून फोडते. आपली मखमली मात्र मुख्यतः किडे आणि कोळी खाते, सालीखालून टिपून. म्हणजे नट नाही, हॅचही नाही. त्यापेक्षा आपणच नाव द्यावं. ठोकणाऱ्याला सुतार म्हणतो, तर लिंपणारीला गवंडी म्हणा!

गुळवेल
गवंडीला माझं मत. निदान उच्चारता येतो.

शुद्धमती
असं मतदानाने नामकरण होत नसतं. बदलायचंच तर 'मखमली' बदला. तो अरबी शब्द शिलींध्रीच्या गळ्यात कशाला? कपाळ काळं आहे, 'कृष्णललाट' म्हणावं.

तिठा
कृष्णललाट म्हणजे कपाळकरंटीच वाटेल! निळीजांभळी पाठ, पोवळ्यासारखी लाल चोच, पिवळे डोळे, एवढं रंगीत पाखरू आणि नावात दुर्दैव. त्या कपाळपट्टीला खरोखर मखमलीची लव दिसते. शब्द अरबी असो की फारसी, वस्तू बरोबर सांगतो.

ओंजळ
एक शंका. पुस्तिकेत नर कसा ओळखायचा ते असेलच. नराच्या डोळ्यावरून मागे बारीक काळी भुवई जाते, मादीला ती नसते. मग 'नर शिलिंध्री' लिहिणार? कानाला कसंसंच होतं.

गुळवेल
नर टिटवी, नर घार चालतात ना? मग हिचंच काय? 'शिलिंध्रीचा नर' लिहा फार तर. तो मात्र तिचा नवरा वाटतो.

शुद्धमती
नर गवंडी आणि मादी गवंडी कशी करणार, तेही सांगा आता.

गुळवेल
गवंडीण.

पानवठा
सगळ्यांचे आभार, पण माझं वाक्य तसंच राहिलंय. सध्या 'डोकं खाली, शेपूट वर अशी खोडावरून सरसर उतरते' असं पाठवलं. संपादकांनी ते ठेवलं, मात्र 'खोड' कापून 'बुंधा' केलं.

रानभूल
बुंधा चूक. बुंधा म्हणजे जमिनीलगतचा जाड भाग. ही वरच्या फांद्यांवर, अगदी फांदीच्या पोटालाही फिरते. खोडच हवं.

तिठा
आमच्याकडे फांद्या फुटेपर्यंतच्या सगळ्या भागाला बुंधाच म्हणतात.

रानभूल
आणि खोड कशाला म्हणता?

तिठा
खोड माणसाला असते.