काजू युनिटमध्ये बायका टिकत नाहीत, काय करावं?

प्रश्न: वेंगुर्ल्याजवळ छोटं काजू युनिट आहे. सोलणीची, म्हणजे गरावरची साल काढायची, मजुरी किलोवर. दर वाढवला तरी बायका सोडून जातात, तुकडाही (फुटलेला गर) वाढलाय.

उत्तर १: दराआधी ड्रायर बघा. गर कच्चा सुकला की साल सुटत नाही, सुरीने खरवडताना तो फुटतो आणि बाईने सोललेल्या गराचं वजन भरत नाही. मेहनत तेवढीच, मजुरी कमी; मग कोण थांबेल? ६० ते ७० अंशांवर सहा-आठ तास द्या, मध्ये ट्रे वर-खाली करा. फार कडक वाळवलात तरी तुकडा पडतोच. सुकलेला गर पावसाळ्यात उघडा ठेवू नका, ओल धरतो.

उत्तर २: कटिंगवाल्यांचे, म्हणजे टरफल कापणाऱ्यांचे, हात बघितलेत? टरफलाच्या तेलाने कातडी सोलवटते. हातमोजे आणि हाताला लावायला एरंडेल मालकाने द्यायचं, पगारातून कापायचं नाही. उकडलेली बी रात्रभर निवू द्या, मगच कटिंग.

उत्तर ३: वजन त्यांच्यासमोर करा, आकडा त्यांच्याही वहीत लिहा. अख्ख्या गराला जास्त दर, पण ड्रायर बिघडला त्या दिवशी रोजावर पैसे द्या. आणि गणपतीची सुट्टी, उचल आधीच ठरवा. चतुर्थीच्या तोंडावर घासाघीस केलीत तर बाई परत येत नाही.