अनहद की अनाहत?

रामबागेतली सून:
आमच्या वाचनकट्ट्यावर येत्या एकादशीला ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाचं वाचन आणि मग निर्गुणी भजनं असा बेत आहे. पत्रिकेवर एकच मोठा शब्द हवाय. मी 'अनहद' लिहिलं. सासूबाई म्हणाल्या, ते हिंदी झालं, 'अनाहत' लिही. नणंदेचं म्हणणं, हे दोन शब्दच वेगळे. अनहद म्हणजे ज्याला हद्द नाही तो. पुण्याहून लग्न होऊन इंदूरला आले तेव्हापासून असल्या शब्दांवर रोज ठेचकाळते. कोणी सांगेल का?

निवृत्त मास्तर:
सूनबाई, सासूबाईंचं बरोबर. मूळ शब्द अनाहत, अन् + आहत. आहत म्हणजे ज्यावर आघात झाला ते. 'आहत नाणी' ऐकली असतील, चांदीच्या तुकड्यावर ठसे ठोकून केलेली. तर ज्या नादाला कशावर काही आपटावं लागत नाही, तो अनाहत. शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे असताना 'संगीतरत्नाकर' लिहिला, त्यात नादाचे हेच दोन प्रकार आहेत. गाणंबजावणं सगळं आहतात, अनाहत योग्यांचा. ज्ञानेश्वरी शके 1212 ची, म्हणजे त्याच शतकातली, आणि तुमच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीच्या वर्णनात तो येतोच. प्राकृतात दोन स्वरांमधला 'त' मऊ होऊन 'द' होतो, म्हणून संतांच्या बोलीत अनहद. 'हद' अरबी, त्याचा इथे काही संबंध नाही.

देवासकर:
मास्तर, व्युत्पत्ती मान्य. पण 'काही संबंध नाही' इतकं ताणू नका. कबीराच्या नावावरच्या दोह्यात हद आणि बेहद यांचा खेळ आहेच: हदीत चालतो तो माणूस, बेहदीत चालतो तो साधू, आणि दोन्ही सोडतो त्याचा थांगच नाही. हे ज्याच्या कानात बसलंय त्याला अनहदमध्ये हद ऐकू येणारच. आमच्या देवासात कुमारजी, म्हणजे गायक कुमार गंधर्व, 1948 पासून शेवटपर्यंत राहिले, त्यांची निर्गुणी भजनं ऐकत आम्ही मोठे झालो. मला तर लहानपणी अनहद म्हणजे 'अफाट' असंच वाटायचं. चूक असेल, पण ती चूक सोडवत नाही.
फक्त 'अनहद्द' लिहू नका, ताई. आपली हद्द म्हणजे पोलीस ठाण्याची, नाहीतर 'हद्द झाली बाई!'मधली.

तंबोरेवाला:
एक भर घालतो. मागे एका प्रवचनात ऐकलं, तंबोऱ्यात कोणी न छेडलेला गंधार, म्हणजे 'ग' स्वर, वाजतो तोच अनाहत. ऐकायला गोड, पण तसं नाही. खर्जाची तार छेडली की तिच्याच पोटातून तो स्वयंभू गंधार निघतो. तारेखालच्या घोडीवरचा दोरा केसभर इकडेतिकडे सरकवून जवारी, म्हणजे तारेची गुंजती झणक, नीट लागली असेल तर स्वच्छ ऐकू येतो. तार थांबली की तोही गेला. म्हणजे आहतच की! हां, त्याच्याकडे कान लावून बसलं की डोक्यातला बाकीचा गलबला बसतो, एवढं मात्र चाळीस वर्षं तंबोरा धरून कळलंय.

रामबागेतली सून:
आणि इथे सगळे 'भावना आहत झाल्या' म्हणतात, ते?

निवृत्त मास्तर:
ती हिंदीची लागण. मराठीत भावना दुखावतात. धातू मात्र तोच, हन्.

रामबागेतली सून:
काका, 'अनाहत' ठरलं. भजनांच्या ओळींत मात्र अनहदच ठेवलाय, गातात तसा. सासूबाई खूश, नणंद फुरंगटली आहे. आत्ताच छापखान्यातून प्रूफ आलं. वर ठळक अक्षरांत काय असावं? 'अनाहूत'! निमंत्रणपत्रिकेवर!

निवृत्त मास्तर:
तो ह्वे धातू, हाक मारणे. आहूत म्हणजे बोलावलेला. त्यावर सावकाश बोलू, आधी छापखान्यात फोन करा.