कोथरूडचा फ्लॅट भाड्याने द्यायचाय, नोटरी पुरते का? बाबा फार घाबरलेत

गोदाकाठ_७६

नमस्कार मंडळी. बाबांच्या नावावर कोथरूडला टू बीएचके आहे. आई गेल्यापासून बाबा आमच्याकडे नाशिकला असतात आणि फ्लॅट दीड वर्ष कुलूपबंद, मेंटेनन्स आणि टॅक्स चालूच, परवा गेलो तर बाथरूमच्या भिंतीला ओल आणि किचनच्या ट्रॉल्या गंजलेल्या. मी म्हणतोय भाड्याने देऊ पण बाबा तयार नाहीत. सदाशिव पेठेत आजोबांचा वाडा होता त्यात पाच बिऱ्हाडं, शेवटपर्यंत महिना पंधरा-वीस रुपये भाडं देत राहिली, आजोबांच्या कोर्टात चपला झिजल्या पण एक खोली परत मिळाली नाही. बाबांच्या डोक्यात तेच बसलंय, माणूस आत शिरला की घर गेलं.

भाडं २२ हजार, डिपॉझिट ६० हजार ठरतंय. एजंट म्हणतो ११ महिन्यांचाच तर करार, ५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू, रजिस्टर कशाला. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात आधी आमची एनओसी घ्या, दर महिन्याला दीड हजार जास्तीचे भरा, आणि बॅचलर अजिबात नकोत. विचारणारे दोन आहेत, एक नवरा-बायको आणि लहान मुलगी, दुसरे आयटीतले तीन मुलगे. कुणाला द्यावं, काय काळजी घ्यावी, अनुभव असेल तर प्लीज सांगा.

ओसरी

दादा, नोटरी नको, कितीही घाई असली तरी नको. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हे आपल्याकडे पसरलेलं आहे पण महाराष्ट्रात ते चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरतात, उलटं सिद्ध करायचं ते आपण. मी हे भोगलंय. माझ्या भाडेकरूने ५० हजार डिपॉझिट दिलेलं आणि निघताना म्हणाला दीड लाख दिलेत, वरचे रोख दिले, माझ्याकडे फक्त नोटरीचा कागद. चार महिने झोप नव्हती, शेवटी तडजोड करून पैसे दिले तेव्हा घर सोडलं.

खर्चाचं म्हणाल तर मुदतीचं एकूण भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून होणारी रक्कम, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. तुमच्या आकड्यांना सहाशे-सातशेच्या आसपास येईल. शिवाय पालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. घरी मशीन आणून अंगठा घेणारे आहेत ते आपली फी वेगळी घेतात. आमच्या वडिलांचे ठसे त्या मशीनवर उमटेनात म्हणून त्यांना दुय्यम निबंधकांकडे, म्हणजे नोंदणी कार्यालयात न्यावं लागलं, बाबांचं वय जास्त असेल तर आधीच विचारून ठेवा.

आणि बाबांना एवढं नक्की सांगा की वाड्यातली बिऱ्हाडं जुन्या १९४७ च्या कायद्यातली कुळं होती. आता आपण लीव्ह अँड लायसन्स करतो, म्हणजे ठराविक मुदतीपुरती राहायची परवानगी. मुदत संपून माणूस हलला नाही तर त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि तो जितके दिवस जास्त राहील तितक्या दिवसांचं दुप्पट भाडं मागता येतं. वेळ लागतोच, लगेच होतं असं नाही, पण आजोबांसारखं होणार नाही.

जिना_मधला

वरचं सगळं बरोबर. सोसायटीबद्दल सांगतो, मी पाच वर्षं खजिनदार होतो. नॉन ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे घर भाड्याने दिलं की सोसायटी घेते ते जास्तीचे पैसे, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत, ऑगस्ट २००१ चा सरकारी आदेश आहे, आणि त्या सर्व्हिस चार्जेसमध्ये पालिकेचा टॅक्स धरायचा नाही. म्हणजे तुमचे २५०० असतील तर २५०. दीड हजार कुठून आणले ते लेखी विचारा, शांतपणे विचारा, भांडू नका कारण उद्या टाकी फुटली तर तेच लोक धावून येणार आहेत. कराराची कॉपी आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची पोच सोसायटीत द्या. पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरता येते, ते अजिबात टाळू नका.

बॅचलरना घर देऊ नये असं आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या सरकारी नमुना नियमावलीत कुठेही नाही. आमच्या मजल्यावर तीन मुलं राहायची, माझ्या आईला रात्री दोन वाजता दवाखान्यात त्यांनीच नेलं. माणूस बघा, ऑफिसचं आयडी बघा, आधीच्या घरमालकाला फोन करा.

खिडकीपाशी

मी भाडेकरू आहे, दुसऱ्या बाजूने लिहिते. दोन वर्षं राहून निघाले तर मालकांनी रंगाचे म्हणून २५ हजार कापले, करारात एक ओळ नव्हती. मी भिंतीला खिळासुद्धा मारला नव्हता हो, आणि पुढच्या घराचं डिपॉझिट भरायला मला भावाकडून पैसे घ्यावे लागले. प्लीज किल्ली देताना दोघांनी मिळून फोटो काढा, गीझर, पंखे, ट्रॉल्या सगळ्याची यादी कराराला जोडा, रंगाचे किती कापणार आणि डिपॉझिट किती दिवसांत परत देणार ते आकड्यात लिहा. आणि ती ओल आधी काढा, घरात लहान मूल येणार असेल तर फारच वाईट.

ओसरी

एक राहिलं, पुणे पालिकेच्या हद्दीत घरात स्वतः राहत असाल तर पालिकेच्या टॅक्समध्ये ४० टक्के सवलत असते, भाड्याने दिलं की ती जाते. भाडं ठरवताना ते धरा.

गोदाकाठ_७६

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना चष्मा लावून सगळं वाचायला दिलं. दुप्पट भाड्याचं त्यांनी दोनदा वाचलं, मग म्हणाले कलम २४ मराठीत प्रिंट काढून दे. संध्याकाळी स्वतःहून म्हणाले त्या लहान मुलीच्या आईवडिलांना बोलव, पण आधी प्लंबर. एजंटला रजिस्टरचं सांगितलंय. भाडं माझ्या खात्यात घेतलं तर चालेल का?

जिना_मधला

नको, बाबांच्याच खात्यात घ्या. घर त्यांचं म्हणजे उत्पन्न त्यांचं, इन्कम टॅक्समध्ये भाड्यातून पालिकेचा टॅक्स वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावटही त्यांनाच मिळेल. डिपॉझिटही चेकने किंवा ऑनलाइनच घ्या आणि व्यवहाराचा नंबर करारात टाका.