कॅमेऱ्यावरून भांडण, पण गेटच्या ॲपला सगळी माहिती. असं का?

पर्वरी_सचिव: जिन्यात सीसीटीव्ही लावण्यावरून सोसायटीच्या सभेत कडाक्याचं भांडण झालं. त्याच सभासदांनी गेटच्या ॲपमध्ये मात्र मोबाईल, गाडीचा नंबर, आधारचा फोटो बिनबोभाट भरला. चवथीआधी फॉर्म नव्यानं करायचाय. लोकांना प्रायव्हसीची पर्वा नाही असं समजायचं का?

मांडवीकाठ: नाही. कॅमेरा रोज डोळ्यांसमोर असतो. ॲपमधली माहिती कोण बघतं ते दिसत नाही, त्रास झालाच तर पुढं कधीतरी. गेट मात्र आत्ता उघडतं.

शिवाय जे आधी हातात पडतं ते सुटत नाही. ॲक्विस्टी, जॉन आणि लोवेनस्टाईन या संशोधकांचा २०१३ साली छापलेला प्रयोग बघा. मॉलमध्ये काहींना १० डॉलरचं निनावी गिफ्ट कार्ड दिलं, काहींना १२ डॉलरचं, पण खरेदी नावाशी जोडणारं. मग अदलाबदलीची मुभा. आधी १० चं मिळालेल्यांतल्या साधारण निम्म्यांनी तेच ठेवलं. आधी १२ चं मिळालेल्यांत निनावी कार्ड मागणारे दहात जेमतेम एक. कार्डं तीच होती! तेव्हा आधीच टिक केलेला चौकोन हाच निर्णय, आणि तो सचिव महोदय, तुमचा आहे.

फोंडेकार: सक्तीचं फक्त फ्लॅट नंबर आणि एक मोबाईल. गाडीचा नंबर पार्किंगवाल्यांनाच विचारा. आधार काढून टाका. अगदीच लागलं तर मास्क केलेलं घ्या, त्यात शेवटचे ४ अंकच दिसतात. 'शेजाऱ्यांना नंबर दिसू दे' हा चौकोन कोरा ठेवा. प्रत्येक रकान्याखाली एक ओळ: कशासाठी, कोण बघणार, कधी पुसणार. पाहुण्यांच्या नोंदी ३० दिवसांनी आपोआप पुसल्या जाव्यात. पाच पानी धोरण कुणी वाचत नाही.

सेटिंग्जचा ढीगही नको. आपल्या हातात ताबा आहे असं वाटलं की माणसं उलट जास्त नाजूक माहिती देऊन बसतात.

तिसवाडी_२: आणि कामवाल्या बायकांचं काय? त्यांचे फोटो सभासदच चढवतात. 'नको' म्हटलं तर काम जाईल, ही कसली संमती? २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणानं दिलेली हवी, आणि मागे घेणं देण्याइतकंच सोपं. फोटो पासवर लावा, पास त्यांच्याकडेच राहू द्या. पोदेराची तर नोंदच कशाला? हॉर्न वाजवून पाव देऊन जातो बिचारा.

पर्वरी_सचिव: आधार काढतो. भाडेकरूंची पोलीस पडताळणी?

फोंडेकार: ती घरमालकानं परस्पर करायची. सोसायटीनं पोचपावतीची तारीख तेवढी लिहून घ्यावी, झेरॉक्स नको.