वजन ठीक असूनही मुलीची पाळी थांबली आहे

प्रश्न – एक आई, नेरूळ

माझी 19 वर्षांची मुलगी वाशीला महाविद्यालयात जाते. चार महिने तिला पाळी आलेली नाही. आधी तिने भात सोडला, मग पोळी. डब्यातली भाजी संपते, पोळ्या मात्र तशाच परत येतात. एखाद्या रात्री ती भराभर पुष्कळ खाते आणि त्यानंतर बाथरूमचा नळ बराच वेळ चालू राहतो. उंचीच्या मानाने वजन ठीक असल्यामुळे डॉक्टरांनी ताणाचे कारण सांगून पाळी येण्याच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत. त्या द्याव्यात का?

उत्तर – स्त्रीरोगतज्ज्ञ, ठाणे

ताई, तपासण्या होईपर्यंत गोळ्या थांबवा आणि रात्रीचा हा प्रकार डॉक्टरांना स्पष्ट सांगा. शरीर खर्च करते त्या ऊर्जेच्या मानाने अन्न कमी पडू लागले की मेंदूतील हायपोथॅलॅमसकडून जाणारे संकेत मंदावतात, त्यामुळे एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके पुरेशी स्रवत नाहीत, बीजकोशातून बीज बाहेर पडत नाही आणि इस्ट्रोजेन घटते. हे केवळ हडकुळ्या मुलींतच घडते असे नाही. भरपूर खाऊन ओकारी काढणाऱ्या, म्हणजे बुलिमिया असलेल्या मुलींचे वजन पुष्कळदा सामान्य असते, तरीही त्यांची पाळी बिघडते.

गोळ्यांचा कोर्स संपल्यावर रक्तस्राव झाला, तरी तिचे स्वतःचे चक्र सुरू झाले असे होत नाही. उलट घरचे निश्चिंत होतात, आणि मला त्याचीच धास्ती वाटते. याच वयात हाडे भरत असतात. इस्ट्रोजेन कमी राहिले तर ती ठिसूळ होऊ लागतात, आणि गर्भनिरोधक गोळ्यांनी ते नुकसान भरून येत नाही.

गर्भधारणेची चाचणी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच आणि एस्ट्राडायॉल तपासून घ्या. ओकाऱ्या होत असतील तर पोटॅशियम आणि ईसीजी आधी करा. चक्कर किंवा छातीत धडधड असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सोनोग्राफीत बीजकोश पीसीओएससारखे (संप्रेरकांच्या या विकारात बीजकोशात अनेक छोट्या पुटिका दिसतात) दिसले म्हणून कोणी वजन उतरवायला सांगितले, तर तो सल्ला मानण्यापूर्वी तिच्या खाण्याची पूर्ण हकीकत त्यांच्यापुढे ठेवा. सोबत मनोविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ हवेतच.

उत्तर – खारघर

मी या आजारातून बाहेर आले आहे, म्हणून आईंसाठी लिहिते. नळाबद्दल तिला जेवणाच्या टेबलावर विचारू नका; दोघीच असाल तेव्हा, तिच्यावर आरोप होणार नाही अशा शब्दांत बोला. माझ्या आईने ‘किती बारीक झालीस’ आणि ‘आता छान भरलीस’ ही दोन्ही वाक्ये घरात बंद केली, कारण दुसरे ऐकले की मी पुढचे जेवण टाळत असे. खाणे सुरळीत झाल्यावरही पाळी परतायला कित्येक महिने लागले, तेव्हा लगेच फरक दिसला नाही तरी उपचार सोडू नका. तिला आधी फोनवर बोलणे सोपे वाटत असेल, तर टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतून विनामूल्य बोलता येते. आपण स्वतःसाठीही तेथे फोन करू शकता.