सबवूफरच्या डब्याचा पोर्ट ३८ हर्ट्झचा काढला, पण आवाज नुसता घुमून रायला

वावरातला_बेस (दारव्हा)
राम राम मंडळी. जुन्या वॅगन आरच्या डिक्कीसाठी घरीच सबचा डबा बनवला. बारा इंची सब (सबवूफर, खालच्या आवाजाचा स्पीकर) हाये, २५० वॉट आरएमएस (सतत झेपणारी ताकद), मोनो अ‍ॅम्प. १८ एमएम प्लाय घेतला, मिस्त्रीकडून फक्त फळ्या कापून आणल्या, बाकी फेविकॉल, स्क्रू, सिलिकॉन सगळं मीच केलं, चार रात्री गेल्या त्याच्यात. डबा ६० बाय ३८ बाय ३४ सेंटिमीटर. पोर्टसाठी, म्हणजे डब्यातली हवा आत-बाहेर व्हायच्या नळीसाठी, बोअरचा ११० एमएमचा पाइप उरला होता तोच वापरला, आतून मोजला तर १०.४ सेंटिमीटर भरते. मोबाईलच्या अ‍ॅपमध्ये ७७.५ लिटर आणि ३८ हर्ट्झ टाकलं, त्यानं १५ सेंटिमीटर लांबी सांगितली, तेवढाच पाइप कापून समोरच्या फळीत बसवला.
आता काय होऊन रायलं की कोणतंही गाणं लावा, एकाच सुरात धुम्म धुम्म, काचा हालतात पण खालचा जो छातीत बसते तो बेसच नाई. सबचा दोष म्हणावं तर हाच सब मित्राच्या गाडीत चांगला वाजत होता. काहून असं होत असन? पाइप कमी पडला का जास्त झाला? लय मेहनत केली भाऊ, डबा फेकायचा नाई मले.

वायरमन_पुसद
भाऊ डबा फेकू नका, डबा चांगलाच असेल, गडबड आकड्यात आहे. ७७.५ लिटर कुठून आले ते पाहिलं, ६० × ३८ × ३४ केलं की बरोबर तेवढेच येतात, म्हणजे तुम्ही बाहेरचं माप टाकलं. हवा तर आत असते ना. १८ एमएमची फळी दोन्ही बाजूंनी ३.६ सेंटिमीटर खाते, म्हणून आतलं माप ५६.४ × ३४.४ × ३०.४, ते झाले ५९ लिटर. त्यातून सबच्या मॅग्नेट-बास्केटचे (मागचं लोहचुंबक आणि सांगाडा) धरा ३ लिटर (तुमच्या सबच्या कागदावर नेमका आकडा असेल तर तो घ्या), आतल्या आधाराच्या पट्ट्यांचे दीड, आणि पाइप स्वतः डब्यात जागा अडवतो त्याचे सव्वा. उरले ५३ च्या आसपास. या हवेला १५ चा पाइप लावला तर ट्युनिंग (ज्या सुरावर डबा आणि पाइपमधली हवा मिळून घुमते तो सूर) येते ४६ हर्ट्झ, ३८ नाही. म्हणूनच ४६ च्या आजूबाजूचा सूर उसळतो आणि त्याच्या खालचं सगळं पडतं.
हे का होतं ते एकदा डोक्यात बसलं की पुन्हा चूक होत नाही. पाइपमधली हवा म्हणजे वजन आणि डब्यातली हवा म्हणजे स्प्रिंग. डबा लहान तर स्प्रिंग कडक, पाइप आखूड तर वजन हलकं, दोन्हीनं सूर वर जातो. तुमच्याकडे दोन्ही झालं. खाली आणायचा तर पाइप लांब करा.
सूत्र लिहून ठेवा, सगळं सेंटिमीटर आणि लिटरमध्ये. लांबी = २३५६२.५ × व्यास × व्यास ÷ (हर्ट्झ × हर्ट्झ × लिटर), आणि जे येईल त्यातून ०.७३२ × व्यास वजा. हा वजा करायचा भाग टोकाचा असतो, पाइपच्या तोंडाबाहेरची थोडी हवापण पाइपसोबत हालते म्हणून. गाडीत मी ३५ हर्ट्झ धरतो. पाइप लांब झाल्यावर तो ३ लिटर खाईल, म्हणजे नेट हवा ५१.५. आता १०.४ चा वर्ग १०८.१६, गुणाकार भागाकार केला की ४०.४ येतात, त्यातून ७.६ गेले, उरले जवळपास ३३ सेंटिमीटर. तुमच्या पाइपच्या दुपटीपेक्षा जास्त.

सुतारकाम_आर्वी
हिशोब बरोबर आहे पण ३३ चा पाइप समोरून बसणारच नाही, डब्याची आतली खोली ३०.४ आहे, पाइप मागच्या फळीला जाऊन भिडेल. पाइपच्या आतल्या टोकापासून त्याच्यापुढं येणाऱ्या फळीपर्यंत कमीत कमी पाइपच्या व्यासाएवढी, म्हणजे दहा-साडेदहा सेंटिमीटर मोकळी जागा पाहिजे, नाहीतर सगळा हिशोब बिघडतो. एल्बो लावून वळवता येतो, लांबी वळणाच्या मधोमध मोजायची. पण मी म्हणतो सोपं करा, पाइप बाजूच्या फळीतून आडवा घाला. तिकडे ५६.४ ची लांबी आहे, आत पंचवीस सेंटिमीटर मोकळे राहतात. फक्त सबच्या मॅग्नेटला अडतो का ते आधी टेपनं बघा, आणि डिक्कीत डबा ठेवल्यावर पोर्टचं तोंड गाडीच्या पत्र्यापासून एक वीतभर तरी दूर राहू द्या.
समोरचं जुनं भोक बुजवायला त्याच प्लायची चकती काढा, आतून एक मोठा चौकोनी तुकडा फेविकॉल लावून स्क्रूनं आवळा आणि कडेनं सिलिकॉन. इथून हवा फुसफुसली तर सगळी मेहनत वाया. एक रात्र तरी सुकू द्या, सिलिकॉन ओलं असताना सब लावू नका, त्याचा वास डब्यात कोंडतो आणि काही सिलिकॉन सबच्या गोंदालापण चांगलं नसतं.

संत्र्याचा_ट्रक (वरूड)
असेच दोन पाइप लावले तर बेस डबल होईल का? नाहीतर प्लायचाच चपटा स्लॉट पोर्ट करावा, डीजेवाल्यांच्या डब्याला असतो तसा?

वायरमन_पुसद
दादा दोन पाइप लावले की तोंडाचं क्षेत्रफळ दुप्पट, मग त्याच ३५ हर्ट्झसाठी प्रत्येक पाइप ७३ सेंटिमीटरचा लागतो, या डब्यात कुठे घालणार? स्लॉटचंही तेच. ३०.४ उंच आणि ५ रुंद स्लॉट घेतला तर लांबी ६२ च्या आसपास, वळवून घ्यावी लागते, आणि तो स्लॉट त्याच्या फळीसकट बारा-तेरा लिटर खातो. मग नेट हवा कमी, म्हणून लांबी अजून वाढवा, पुन्हा हवा कमी. स्लॉट करायचाच तर डबा पहिल्यापासून मोठा धरावा लागतो.
एक खरं सांगतो, एका चार इंची पाइपचं तोंड बारा इंची सबला थोडं कमीच पडतं. जोरात वाजवलं तर पाइपमधून फस्स फस्स हवा ऐकू येईल. २५० वॉटला चालून जातं, पाइपच्या दोन्ही टोकांची कड कानशीनं गोल करा, फरक पडतो. आणि अ‍ॅम्पवर सबसोनिक (एकदम खालचे सूर कापणारा फिल्टर) असेल तर २८ च्या आसपास ठेवा. ट्युनिंगच्या बरंच खाली गेलं की डब्यातली हवा कोनला (सबच्या हालणाऱ्या पडद्याला) धरून ठेवत नाही, कोन मोकळा धावतो आणि कॉइल जाते.
कापायच्या आधी आत्ताच्या डब्याची खरी ट्युनिंग तपासा. मोबाईलवर टोन जनरेटर लावा, आवाज एकदम कमी, ६० पासून एकेक हर्ट्झ खाली या. जिथं कोन सर्वात कमी हालतो आणि पोर्टमधून हवा सर्वात जास्त येते, ती ट्युनिंग.

वावरातला_बेस (दारव्हा)
भाऊ दंडवत तुम्हाले. काल रात्री जेवण झाल्यावर केलं. पोर्टच्या तोंडाशी वातीच्या कापसाचा एक तंतू चिकटपट्टीनं लटकवला आणि कोनवर बोट अलगद ठेवलं. ५५ ले कोन चांगला हालत होता, ५० ले कमी झाला, ४६-४७ ले बोटाखाली काहीच नाई आणि कापूस मात्र पुरा आडवा होऊन फडफडत होता. तुम्ही म्हटला तोच आकडा, मले तर विश्वासच बसेना. आता बाजूची फळी काढून पाइप आडवा घालतो. ३३ च्या जागी आधी ३६ कापतो, जास्त वाटला तर सेंटिमीटर-सेंटिमीटर काढता येईन.

वावरातला_बेस (दारव्हा)
झालं मंडळी. ३६ ले कापूस ३४ हर्ट्झच्या जरा खाली फडफडला, मग सेंटिमीटर-सेंटिमीटर कापत ३३ वर आणला, कानशीनं कड गोल केली, आता बरोबर ३५ ले कोन थांबते. धुम्म धुम्म गेलं, ढोलाचा ठोका वेगळा आणि त्याच्या खालची बेसची लाइन वेगळी ऐकू येऊन रायली, गाडीत बसल्यावर बनियन हालते. जोरात केलं की थोडी हवा ऐकू येते, पण चालते. फक्त मागची नंबर प्लेट तडतडते, तिच्यामागं फोम लावतो आता.

सुतारकाम_आर्वी
प्लेटसोबत डिक्कीच्या दरवाजाचं आतलं प्लास्टिकही काढून बघा, वाजतं ते जास्त तिथंच. रबरी पट्टी मिळते हार्डवेअरमध्ये, ती क्लिपांच्या खाली लावा.