गाडी रात्रभर उभी राहिली की सेल्फ लांबतो, तोही रोज नाही. पंप बदलू का?

बार्देशची_वाट:
नमस्कार मंडळी. म्हापशात असतो. गाडी २०१४ ची, १.२ लिटर पेट्रोल, ९२,००० किमी झालेली. रात्रभर उभी राहिली की सकाळी चार-पाच सेकंद सेल्फ मारावा लागतो. मग चालू होते, क्षणभर थरथरते आणि ठीक होते. बंद करून दहा मिनिटांत पुन्हा चावी फिरवली तर लगेच उचलते. दोन-तीन तास उभी राहिली की पुन्हा तेच रडगाणे. पण आठवड्यातून दोन-तीन दिवसच, आणि पाऊस लागल्यापासून जास्त. बॅटरी नवी आहे, प्लग बदललेत, थ्रॉटल बॉडी साफ केली आहे. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. रस्त्यावर ओढ आणि ॲव्हरेज नेहमीचेच. पेट्रोलचा काटा मात्र अधूनमधून उगाच हलतो. गॅरेजमध्ये टाकीतला अख्खा पंप बदलायला सांगितलाय. बदलू का?

फोंडा_गेज:
थांबा, दाब मोजल्याशिवाय पंप विकत घेऊ नका.

पंपात एक एकमार्गी व्हॉल्व्ह असतो. गाडी बंद केल्यावर नळीतला दाब तो धरून ठेवतो. तो गळू लागला की पेट्रोल टाकीत परत उतरते आणि सेल्फचे पहिले काही सेकंद नळी भरण्यातच जातात. दहा मिनिटांत दाब पुरता उतरत नाही, म्हणून तेव्हा गाडी लगेच उचलते.

फुकटातली चाचणी अशी. त्रासाच्या सकाळी सेल्फ न मारता चावी ऑन करा. मागून पंपाची दोनेक सेकंद घरघर ऐकू येईल. ती थांबली की चावी ऑफ करा. असे तीन-चारदा करून मग सेल्फ मारा. लगेच चालू झाली तर दोष इंधनाच्या दाबाचा, इग्निशनचा नाही.

पुढचे काम प्रेशर गेजचे. चालू इंजिनात पंपाचा फ्यूज काढा. इंजिन आपोआप बंद पडेल, मग दोन सेकंद सेल्फ मारून उरलेला दाब उतरवा. बॅटरीची निगेटिव्ह सोडवून, इंजिनकडच्या पेट्रोल नळीच्या जोडाला फडके गुंडाळून तिथे गेजचा टी-जॉइंट (तीन तोंडांचा जोड) बसवा. नळी पेट्रोलसाठीचीच हवी, स्वयंपाकाच्या गॅसची चालणार नाही. मग फ्यूज आणि बॅटरी परत जोडा. अशा गाड्यांत दाब साधारण ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. चावी बंद केल्यावर १० मिनिटांत तो २ बारच्या खाली गेला तर गळती आहे. मग पुन्हा दाब भरून गेजची टाकीकडची रबरी नळी क्लॅम्पने आवळा. आता दाब टिकला तर दोष टाकीत आहे, तरीही उतरला तर इंजेक्टरकडे, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या भागाकडे. गाडीची मूळ प्लॅस्टिकची नळी कधीही आवळू नका, तडकते.

वास्को_वायरिंग:
वरचे सगळे बरोबर, फक्त त्या तीन-चारदा चावीच्या चाचणीत एक मेख आहे. व्हॉल्व्ह गळत असला तरी गाडी त्याने लगेच उचलते, आणि पंपाला व्होल्टेज कमी मिळत असले तरीही उचलते. कारण मंद पंपालाही तुम्ही जास्तीचे सहा-आठ सेकंद दिलेत. रात्रभरात चांगल्या गाडीचाही दाब थोडाफार उतरतोच. त्यामुळे बाहेरून दोन्ही दोष अगदी सारखे दिसतात. फरक गेजवरच कळतो. दाब टिकत नसेल तर व्हॉल्व्ह. टिकतो, पण चढायला वेळ घेतो, तर वीज किंवा पंप.

मला तुमच्या मजकुरात तो हलणारा काटा खटकतो. बऱ्याच गाड्यांत पंप आणि काट्याला पेट्रोलची पातळी सांगणारा टाकीतला फ्लोट एकाच अर्थिंगवर, म्हणजे बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह वायरवर असतात. शिवाय व्हॉल्व्हला पावसाळा-उन्हाळा कळत नाही, गंजलेल्या अर्थिंगला कळतो. चालताना का जाणवत नाही? तेव्हा अल्टरनेटर १४ व्होल्ट देतो, त्यातले दोन गळाले तरी पंपाचे भागते. सेल्फ मारताना बॅटरीच १० वर येते, तिथून दोन गेले की पंपाला आठच उरतात.

मोजताना एक चूक हमखास होते. पंपाचा कनेक्टर सोडवून मीटर लावला जातो, पूर्ण १२ दिसतात आणि वायरिंग निर्दोष ठरते. करंट वाहत नसेल तर गंजलेला जोडही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. कनेक्टर लावलेलाच ठेवा, गाडी आयडलवर (चालू, पण ॲक्सिलरेटर न दाबता), आणि मागच्या बाजूने बारीक पिन सारून मोजा. बॅटरी पॉझिटिव्ह ते पंप पॉझिटिव्ह अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी, पंपाची अर्थ वायर ते बॅटरी निगेटिव्ह ०.२ पेक्षा कमी यायला हवे.

डिचोली_डिझेल:
पंपाकडे काहीच सापडले नाही तर दोन गोष्टी बघा. गरम इंजिन अर्धा तास उभे राहिल्यावर त्रास, सोबत पेट्रोलचा वास आणि काळा धूर, तर इंजेक्टर ठिबकतोय. टाकी भरल्यावर लगेच त्रास, तर कॅनिस्टरचा (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणाऱ्या डब्याचा) पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे ती वाफ इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलाय. तो काढून फुंका, वीज नसताना हवा आरपार जाता कामा नये.

आणि घरचा माणूस बोटीवर, गाडी चार-सहा महिने शेडमध्ये, असे असेल तर पेट्रोलचा नमुना पारदर्शक काचेच्या बाटलीत पंधरा मिनिटे ठेवून पाहा. इथेनॉल पाणी ओढून घेते. पाणी फार झाले की दोन्ही मिळून तळाला वेगळा थर धरतात, आणि पंप नेमका तळाचेच उचलतो. तुमची गाडी रोज चालते, तुमच्याकडे ही शक्यता कमी.

बार्देशची_वाट:
आज सकाळी त्रास दिला, तेव्हाच मोजले. पहिल्या चावीला दाब १.५ बार, दुसऱ्याला २.८, तिसऱ्याला ३.५. बंद केल्यावर १० मिनिटांनी ३.२. आयडलवर पॉझिटिव्ह बाजूला ०.३, अर्थ बाजूला १.७ व्होल्ट! मागच्या सीटखालची अर्थची वायर हलवली की आकडा १.१ ते १.९ नाचतो. ती बॉडीला जोडणाऱ्या बोल्टभोवती हिरवी-पांढरी भुकटी, आणि कार्पेटची खालची बाजू ओली.

वास्को_वायरिंग:
सापडले. पंप चांगला आहे, त्याला हात लावू नका.

बॅटरीची निगेटिव्ह सोडवा आणि बोल्ट काढा. बॉडीवरचा रंग-गंज पॉलिश पेपरने पत्रा चकाकेपर्यंत घासा, नुसते भोक नव्हे तर वायरच्या टोकाची रिंग टेकते तेवढी पूर्ण जागा. वायर सोलून बघा. आत तांबे काळे पडले असेल तर चकाकते तांबे लागेपर्यंत कापत मागे जा. खारी ओल इन्सुलेशनच्या आतून बरीच वर चढते. नुसती रिंग बदलून वरवर घासले तर दोन महिन्यांत त्रास परत येतो. वायर आखूड पडली तर २.५ चौरस मिमीचा तुकडा जोडा. कलई केलेली तांब्याची नवी रिंग क्रिंप करून (पकडीने दाबून बसवून) बोल्ट घट्ट आवळा आणि पेट्रोलियम जेली सर्वांत शेवटी, वरून लावा. पंपाच्या कनेक्टरच्या पिनाही बघा. तपकिरी किंवा वितळलेल्या दिसल्या तर तो कनेक्टरही बदला.

पाणी कुठून येते ते आजच शोधा. मागच्या दाराचे रबर आणि दाराखालची निचऱ्याची भोके आधी. ती मातीने बुजली की दारात साठलेले पाणी आत झिरपते. कार्पेट काढून पूर्ण वाळवा, नाहीतर नवी रिंगही गंजेल.

बार्देशची_वाट:
केले. आतले तांबे चार बोटे काळे होते. आता अर्थ बाजू ०.०८ व्होल्ट, पहिल्याच चावीला ३.५ बार, काटाही स्थिर. डाव्या मागच्या दाराची दोन भोके बुजलेली निघाली. कार्पेट अजून बाहेरच आहे, उन्हाची वाट बघतोय.